ज्योतिषाचा पहिला ग्रंथ आणि त्याचा वाचक

१

ज्योतिष शिकू इच्छिणाऱ्याने प्रथम कोणता ग्रंथ हाती घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता वाङ्मयविचाराच्या कक्षेबाहेरचा वाटतो. तो फार तर त्या शास्त्रावर श्रद्धा असणाऱ्यांचा किंवा पुस्तकविक्रेत्यांचा प्रश्न मानला जाईल. परंतु या प्रश्नाला निरनिराळ्या काळांत जी उत्तरे दिली गेली, ती क्रमाने पाहिली की प्रत्येक उत्तरामागे वाचकाविषयीची एक निश्चित कल्पना उभी असल्याचे दिसते. नवशिका म्हणजे कोण, त्याला आधीच काय येते असे गृहीत धरावे, त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे, त्याला काय सांगावे आणि त्याच्यापासून काय राखून ठेवावे, हे सर्व प्रवेशग्रंथाच्या रचनेतच ठरत असते. अभिप्रेत वाचकाची चर्चा आपण सामान्यतः कादंबरी-कवितेच्या संदर्भात करतो. शास्त्रीय प्रवेशग्रंथात हा वाचक अधिक उघडपणे वावरतो, कारण तेथे ग्रंथाचे अस्तित्वच त्याच्या अज्ञानावर आधारलेले असते.

आपल्या शास्त्रपरंपरेला ही गोष्ट ठाऊक होती. विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे अनुबंधचतुष्टय ग्रंथारंभी स्पष्ट करण्याचा जो संकेत आहे, त्यातील 'अधिकारी' ही वाचकाचीच व्याख्या होय. तर्कसंग्रहाच्या परंपरेत 'बाल' शब्दाचा जो अर्थ केला जातो, तो या दृष्टीने उद्बोधक आहे. बाल म्हणजे वयाने लहान असलेला मुलगा नव्हे. व्याकरण, काव्य आणि कोश यांचे अध्ययन केलेला, परंतु न्यायशास्त्र न शिकलेला तो बाल. म्हणजे 'बालबोध' ग्रंथाचा वाचक आजच्या पदवीधराहून अधिक तयारीचा असू शकतो. ज्या मराठी भाषकांनी आपल्या लिपीलाच 'बाळबोध' असे नाव दिले, त्यांनी तरी या शब्दातील श्रेणीव्यवस्था विसरू नये.

ज्योतिषाच्या प्रवेशग्रंथांचा इतिहास हा या अधिकाऱ्याचे रूप पालटत गेल्याचा इतिहास आहे. या इतिहासाचा मराठी गद्याच्या आरंभाशी प्रत्यक्ष संबंध असल्यामुळे मराठीच्या अभ्यासकाला तो टाळता येण्यासारखा नाही.

२

सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहज्जातकाच्या आरंभी आपल्या ग्रंथाचे प्रयोजन एका रूपकातून सांगितले आहे. होराशास्त्र हा महासागर आहे. तो तरून जाण्याच्या प्रयत्नात ज्यांचा उत्साह मोडला, त्यांच्यासाठी आपण ही लहानशी नौका करीत आहोत, असा त्याचा भावार्थ. ही नौका आकाराने लहान, अर्थाने भरलेली आणि विविध वृत्तांनी नटलेली आहे, असेही तो म्हणतो. सोपेपणाचा दावा या वर्णनात कोठेही नाही. आकार लहान करणे आणि आशय सोपा करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीत शब्द कमी होतात व प्रत्येक शब्दावरील भार वाढतो. दुसरीत शब्द वाढतात व भार विभागला जातो. वराहमिहिराने पहिली वाट धरली. पाठ करण्यास सुलभ आणि उलगडण्यास कठीण अशी ही रचना आहे, आणि तिचा उलगडा करण्यासाठी गुरू समोर असणार हे तिचे गृहीतक आहे.

याच ग्रंथकाराने पुढे लघुजातक रचले. बृहज्जातकातील वृत्तवैचित्र्य येथे नाही. आर्या वृत्त आहे आणि विषयाचा विस्तारही आटोपशीर आहे. एकाच लेखकाने एकाच विषयावर दोन निरनिराळ्या वाचकांसाठी दोन ग्रंथ लिहावेत, ही घटना वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाची आहे. दहाव्या शतकात भट्टोत्पलाने दोहोंवरही टीका लिहिली. बृहज्जातकावरील त्याची टीका इ.स. ९६६ ची मानली जाते. म्हणजे सुमारे चार शतकांनंतर लहान ग्रंथालाही भाष्याची गरज भासली. प्रवेशग्रंथ कालांतराने स्वतःच प्रवेशाची अपेक्षा धरू लागतो, हा या प्रकाराचा जणू नियमच आहे.

'लघु' या विशेषणाने आजचा वाचक सहज फसतो. लघुपाराशरी हा ग्रंथ अवघ्या ४२ श्लोकांचा; म्हणून नवशिक्याने त्यापासून प्रारंभ करावा असा सल्ला पुष्कळदा ऐकू येतो. परंतु भाव इत्यादी संज्ञा सामान्य शास्त्रावरून जाणून घ्याव्यात, येथे केवळ या शास्त्रातील विशेष संज्ञा सांगावयाच्या आहेत, असे हा ग्रंथ आरंभीच बजावतो. त्याने आपला अधिकारी स्वतःच ठरवला आहे, आणि तो नवशिका नाही. दशाफलाचे एक विशिष्ट तंत्र जाणू पाहणाऱ्या, मूलभूत परिभाषा आत्मसात केलेल्या वाचकाशी तो बोलतो. ग्रंथाचा आकार पाहून त्याचा वाचक ठरवणे ही वाचनातील चूक आहे, आणि ती केवळ ज्योतिषाच्या क्षेत्रात होते असेही नाही.

ही परिभाषा कोठून आली, याची जाणीवही प्रवेशग्रंथाच्या निवडीत उपयोगी पडते. होरा, केंद्र, द्रेष्काण, पणफर, आपोक्लिम, जामित्र या संज्ञा ग्रीक भाषेतून संस्कृतात आल्या. बृहज्जातकात मेषादी राशींची क्रिय, ताबुरि, जितुम अशी ग्रीकमूलक नावेही नोंदलेली आहेत. पुढे ताजिक पद्धतीबरोबर इत्थशाल, ईसराफ, सहम असे अरबी शब्द संस्कृत श्लोकांत स्थिरावले. नीलकंठाची ताजिकनीलकंठी (१५८७) हे त्याचे ठळक उदाहरण होय. 'केंद्र' हा शब्द तर आज आपण शासनापासून समीक्षेपर्यंत सर्वत्र वापरतो. जो प्रवेशग्रंथ ही सर्व परिभाषा एकाच अनादी मुखातून निघाली असे सांगतो, तो वाचकाला विषय शिकवण्यापूर्वीच त्याचा इतिहास विसरावयास लावतो.

३

अकराव्या शतकात नवशिक्यासाठी केलेल्या ग्रंथाची दोन उदाहरणे आढळतात. दोघांची स्थळे परस्परांपासून दूर आहेत, पण काळ जवळचा आहे.

पहिले उदाहरण अल्-बेरूनीचे. इ.स. १०२९ मध्ये त्याने रैहाना नावाच्या एका स्त्रीसाठी ज्योतिषाच्या मूलतत्त्वांचा ग्रंथ रचला. तो प्रश्नोत्तररूप असून अरबी व फारसी अशा दोन्ही भाषांतील त्याचे पाठ उपलब्ध आहेत. त्याची मांडणी ध्यानात घेण्यासारखी आहे: प्रथम भूमिती, मग अंकगणित, मग खगोल, आणि सर्वांत शेवटी फलज्योतिष. या सर्व शाखा आल्याखेरीज कोणी ज्योतिषी म्हणवून घेऊ नये, अशी त्याची भूमिका आहे. फलिताच्या दाव्यांविषयी त्याला स्वतःला फारसा विश्वास वाटत नव्हता. तरीही शिकणारीपुढे त्याने विषय प्रामाणिकपणे मांडला आणि मांडणीचा क्रमच टीकेसारखा वापरला. वराहमिहिराच्या दोन जातकांपैकी धाकट्याचे, म्हणजे लघुजातकाचे, अरबी भाषांतर त्यानेच केले होते. दुसऱ्या संस्कृतीत नेण्यासाठी अल्-बेरूनीने मूळ परंपरेतील प्रवेशग्रंथच निवडला.

दुसरे उदाहरण श्रीपतीचे. रोहिणीखेडचा, म्हणजे आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडचा हा ज्योतिषी सिद्धान्तशेखर आणि जातकपद्धती यांचा कर्ता; त्याचे धीकोटिद हे करण शके ९६१ (इ.स. १०३९) चे आहे. त्याच्या ज्योतिषरत्नमाला या मुहूर्तविषयक संस्कृत ग्रंथावर मराठी टीका आहे, आणि ती त्यानेच लिहिली असे मानले जाते. मु. ग. पानसे यांनी संपादित केलेली ही टीका १९५७ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. नकलांच्या परंपरेतून आपल्यापर्यंत पोचलेल्या पोथीत अकराव्या शतकातील भाषारूपे कितपत शिल्लक आहेत, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. तथापि, कर्तृत्वाची परंपरा ग्राह्य मानली तर मराठीतील अत्यंत प्राचीन गद्यग्रंथांत या टीकेची गणना करावी लागते. विवेकसिंधूचा परंपरागत काल (शके १११०) आणि लीळाचरित्र या दोहोंच्याही आधी तिला स्थान द्यावे लागते.

आपल्या वाङ्मयेतिहासांनी तिला मात्र आरंभबिंदूचा मान दिलेला नाही. त्याचे एक कारण काल व कर्तृत्व यांविषयीची सावधगिरी हे आहे, आणि ते योग्य आहे. दुसरे कारण बहुधा अधिक खोल आहे. मराठी वाङ्मयाचा आरंभ अध्यात्मात आणि भक्तीत झाला, ही आपली आवडती कथा आहे. विवाह, उपनयन, गृहप्रवेश, यात्रा यांचे मुहूर्त कसे काढावेत हे समजावून देणारे व्यवहारोपयोगी गद्य या कथेत बसत नाही. परंतु मराठीत गद्य लिहिण्याची निकड प्रथम कोणाला भासली असेल, असा प्रश्न विचारला तर उत्तर याच दिशेने शोधावे लागते. मुहूर्त सांगणारा जोशी गावोगावी लागत असे, आणि प्रत्येक जोशी सिद्धान्ताचा पंडित असणे शक्य नव्हते. श्लोक पाठ असलेल्या, पण अर्थाशी अडणाऱ्या अशा माणसासाठी लोकभाषेतील टीका आवश्यक ठरते. 'अधिकारी' येथे पहिल्यांदा पंडिताच्या पंक्तीतून खाली उतरून व्यवहारी माणूस झाला.

खानदेशातील पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने सांगतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्यापनासाठी येथे मठ स्थापन केल्याचा उल्लेख त्यात आहे. एका कुळाचे ग्रंथ पाठ्यग्रंथ म्हणून लावण्यासाठी संस्था उभी राहिल्याचे हे दुर्मीळ प्रमाण आहे. या लेखातील वंशप्रशस्ती संस्कृतात आहे. मठाला मिळणाऱ्या उत्पन्नाचा तपशील मात्र शेवटी मराठीत येतो. गौरवाची भाषा एक आणि कळलेच पाहिजे अशा मजकुराची भाषा दुसरी. श्रीपतीच्या श्लोक व टीका या जोडणीतही हीच विभागणी आहे.

४

सोळाव्या शतकात सुलभतेचा अर्थ पुन्हा बदलला. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाचे ग्रहलाघव (शके १४४२, इ.स. १५२०) हे करण ज्या-चाप यांची कटकट न ठेवता ग्रहगणित करून देते. महाराष्ट्रातील व अन्य प्रांतांतील पंचांगकर्त्यांनी ते शतकानुशतके वापरले, ते या सोयीमुळेच. गणेशाची बुद्धिमत्ता वादातीत आहे. त्रिकोणमिती टाळून तिच्या जवळपासचे फळ देणारी सूत्रे शोधण्यासाठी त्रिकोणमितीवर विलक्षण प्रभुत्व लागते. पण त्याचा परिणाम असा झाला की हे प्रभुत्व ग्रंथकाराजवळ राहिले आणि वाचकाच्या हाती केवळ कृती आली. कृती बरोबर केली की उत्तर बरोबर येते. ते का येते हे माहीत असण्याची आवश्यकता उरत नाही. मल्लारी, विश्वनाथ इत्यादी टीकाकारांनी उपपत्ती व उदाहरणे पुरवून ही उणीव भरून काढण्याचा यत्न केला, परंतु उपपत्तीवाचून काम भागत असल्यावर ती वाचणारे थोडेच.

येथून प्रवेशग्रंथाच्या दोन जाती स्पष्टपणे वेगळ्या करता येतात. एक विषयाच्या आत नेणारी. दुसरी विषयाच्या बाहेर उभे राहून त्याचा उपयोग करून घेऊ देणारी. दुसरी जात कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही, कारण समाजाचे व्यवहार तिच्यावरच चालतात. ती पहिल्या जातीच्या नावाने वावरू लागते तेव्हा मात्र अडचण उत्पन्न होते.

एकोणिसाव्या शतकात छापखान्यांनी पंचांग घराघरांत नेले. केरो लक्ष्मण छत्रे यांच्या ग्रहसाधनाच्या कोष्टकांनी (१८६०) युरोपीय गणित मराठीत आणले, आणि ग्रहांची जुनी स्थाने आकाशाशी जुळत नाहीत हा वाद विद्वानांच्या बैठकीतून वृत्तपत्रांत उतरला. अशा वेळी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' (१८९६) लिहिला. हा ग्रंथ ज्योतिष शिकवत नाही; ज्योतिष कसे शिकले आणि शिकवले गेले ते सांगतो. गणित, संहिता व जातक हे स्कंध तो वेगळे ठेवतो, ग्रंथकारांचे काल अंतर्गत प्रमाणांनी ठरवतो, आणि श्रद्धेचे तसेच परकीय पंडितांचे मत सारख्याच कसोटीवर घासतो. मराठी शास्त्रीय गद्याचा असा दुसरा नमुना त्या शतकात क्वचितच सापडेल. तरीही वाङ्मयाच्या अभ्यासक्रमांत निबंधमालेला जे स्थान मिळाले, ते दीक्षितांना मिळाले नाही. शैली म्हणजे आवेश, ही आपली समजूत त्याला कारणीभूत असावी.

५

विसाव्या शतकात 'सुलभ', 'सोपे', 'स्वयंशिक्षक' अशी विशेषणे मिरवणाऱ्या पुस्तकांचा सुकाळ झाला. बंगळूरच्या बी. व्ही. रामन यांनी इंग्रजीत नवशिक्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांनी भारतभर आणि परदेशांतही वाचक मिळवला. मराठीत याच धर्तीची पुस्तके आवृत्त्यांमागून आवृत्त्या पाहत राहिली. या पुस्तकांचा अधिकारी सर्वस्वी नवा आहे. त्याला गुरू नाही, संस्कृत येत नाही, पाठांतराची सवय नाही. त्याच्याजवळ एकच गोष्ट आहे: स्वतःची जन्मपत्रिका. तो पुस्तक क्रमाने वाचत नाही. आपला चंद्र ज्या स्थानी असेल ते पान तो आधी उघडतो.

या वाचनपद्धतीने ग्रंथाचे रूप घडवले. तत्त्वचर्चा आखडली आणि अमुक ग्रह अमुक स्थानी असता अमुक फल, अशा नोंदींची मालिका वाढली. 'असता' हा संकेत आणि पुढे येणारा साधा वर्तमानकाळ, असे या वाक्यांचे ठरलेले व्याकरण आहे. जुन्या ग्रंथांतही अशी वाक्ये आहेत. परंतु तेथे ती परस्परांना छेद देणार, त्यांचा मेळ घालावा लागणार, हे गुरूने शिकवण्याचे अंग होते. छापील पुस्तकात गुरू गळला आणि प्रत्येक वाक्य स्वयंपूर्ण भविष्य बनले. वाचक त्या वाक्यांतून स्वतःचे चरित्र जुळवू लागला, हे कथनाच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावे असे दृश्य आहे.

प्रवेशग्रंथ काय लपवतो, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. निरयन पद्धतीत अयनांश किती धरावेत यावर एकवाक्यता नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ मध्ये आपला अहवाल सादर केला आणि शासकीय पंचांगाला एक मान मिळाले. पण रामन यांनी स्वीकारलेले अयनांश प्रचलित लाहिरी मानाहून सुमारे दीड अंशाने भिन्न आहेत. दीड अंश ही किरकोळ बाब वाटेल. नवमांशाचा विस्तार ३ अंश २० कला असतो. म्हणजे एवढ्या फरकाने दहांतून चाराहून अधिक वेळा ग्रहाचा नवमांश बदलतो. नक्षत्राचा विस्तार १३ अंश २० कला आणि विंशोत्तरीतील शुक्राची महादशा २० वर्षांची. त्यामुळे चंद्र शुक्राच्या नक्षत्रात असेल तर दीड अंशाने दशेचा आरंभ व शेवट सुमारे सव्वादोन वर्षे पुढेमागे सरकतो. एवढे ज्याच्यावर अवलंबून आहे, तो निर्णय बहुतेक पुस्तके एका कोष्टकाच्या मथळ्यात उरकतात. नवशिक्याला त्यात एक बाजू निवडली गेल्याचा पत्ताही लागत नाही.

या प्रश्नाला २००१ मध्ये संस्थात्मक वजन आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या वर्षी विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा निर्णय घेतला. त्याला आव्हान देणारी याचिका २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. अभ्यासक्रम असेल तर पाठ्यग्रंथ असणार, आणि पाठ्यग्रंथ विद्यापीठाचा असेल तर त्याला विद्यापीठाच्या कसोट्या लागणार. दुसऱ्या बाजूस जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये महाराष्ट्रात घेतलेली चाचणी आहे. बुद्धिमान आणि मतिमंद मुलांच्या २०० पत्रिकांच्या संचातून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या गेल्या. उत्तरे पाठवणाऱ्या २७ जणांच्या यशाचे सरासरी प्रमाण सुमारे ४६ टक्के निघाले, म्हणजे नाणेफेकीहून अधिक काही हाती लागले नाही. आज लिहिल्या जाणाऱ्या प्रवेशग्रंथाने या निष्कर्षाचा उल्लेख टाळला, तर तो आपल्या वाचकाला प्रौढ मानत नाही असेच म्हणावे लागेल.

६

मग प्रथम कोणता ग्रंथ घ्यावा? श्रद्धावान आणि संशयवादी यांची उत्तरे त्यांच्याजवळ तयार असतात. येथे विचार करावयाचा आहे तो तिसऱ्या वाचकाचा, म्हणजे वाङ्मय आणि संस्कृती यांच्या अभ्यासकाचा. त्याला हे शास्त्र माहीत असणे आवश्यक आहे. लीळाचरित्रापासून बखरींपर्यंतचे मराठी लेखन तिथी, नक्षत्र, मुहूर्त आणि ग्रहदशा यांच्या परिभाषेत काळ मोजते; ही परिभाषा ज्याला परकी, त्याला त्या लेखनातील काळाची जाणीवही परकीच राहते.

अशा वाचकासाठी निवडीचे काही निकष या इतिहासातूनच मिळतात. ग्रंथाने आपला अधिकारी कोण हे सांगितले आहे काय? जे गणिताने ताडून पाहता येते आणि जे केवळ परंपरेने मानले जाते, यांतील सीमारेषा तो दाखवतो काय? आपल्या परिभाषेचा इतिहास तो मान्य करतो काय? मतभेदाच्या जागी मतभेद आहे असे तो म्हणतो काय? या कसोट्यांना उतरणारे एकच पुस्तक सापडणे कठीण आहे. दोन पुस्तके बरोबर घेतली तर बरेच साधते. लघुजातक भट्टोत्पलाच्या टीकेसह वाचावे, म्हणजे परंपरेने आपल्या नवशिक्याशी कसा संवाद केला ते कळेल. आणि त्याच्या शेजारी दीक्षितांचा इतिहास उघडा ठेवावा, म्हणजे तो संवाद कोणत्या काळात, कोणत्या आधारांवर झाला ते कळेल. मराठीच्या विद्यार्थ्याने यांत रत्नमालेच्या मराठी टीकेची भर घालावी.

दीक्षितांचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन सव्वाशे वर्षे उलटली. मधल्या काळात डेव्हिड पिंग्री यांनी यवनजातकाची संपादित आवृत्ती (१९७८) सिद्ध केली, आणि तिच्यातील कालनिर्णयाचीही अलीकडे फेरतपासणी झाली आहे. दीक्षितांच्या अनेक विधानांना त्यामुळे पुरवणी जोडणे क्रमप्राप्त आहे. ती पुरवणी मराठीतच लिहिली जावी आणि तिच्या लेखकाने प्रथम आपला 'बाल' कोण हे ठरवावे. व्याकरण, काव्य आणि कोश शिकलेला तो जुना बाल आता मिळणार नाही. पण प्रश्न विचारू शकणारा, गणित ताडून पाहण्याची तयारी असलेला आणि श्रद्धेचा इतिहास समजून घेऊ इच्छिणारा वाचक आपल्या विद्यापीठांत आहे. त्याच्यासाठी लिहिलेला ग्रंथ अद्याप व्हावयाचा आहे.